न दिसलेले पाच ठिपके

सिंदी रेल्वे या गावच्या एका जिनिंगमध्ये मंदाबाई भोयरने एकतीस हंगाम कापसातला कचरा वेचला. काम दिसायला सोपे होते. पांढऱ्या ढिगासमोर बसायचे आणि पांढरे नसेल ते उचलायचे. पाचोळ्याची पत्ती कुणालाही दिसते. सुतळीचा धागाही दिसतो. पण बाईच्या डोक्याचा एक केस, कोंबडीच्या पिसाचा पांढुरका तुकडा, प्लॅस्टिकच्या पोत्याचा पांढराच दोरा, हे दिसत नाही. ते शोधावे लागते, आणि शोधायला गेले की सापडत नाही. डोळे ताणून पाहणाऱ्या बाया दुपारपर्यंत थकून जात. मंदाबाई नजर सैल सोडायची. ढिगाकडे पाहायचे, पण एका जागी पाहायचे नाही. जे वेगळे असते ते आपणच येऊन डोळ्यात टोचते. आणि तीनदा पालटल्याशिवाय ढीग पुढे ढकलायचा नाही, हा तिचा नेम होता. मुकादम समोर असो नसो.

मुकादम डोमाजी कडक माणूस. महिन्यातून एखाद्या दिवशी कुणाला न सांगता तो प्रत्येकीच्या ढिगात फिक्या पिवळ्या दोऱ्याच्या वीस बारीक गाठी मिसळायचा आणि संध्याकाळी किती परत आल्या ते पाहायचा. मंदाबाईच्या अठरा यायच्या, कधी एकोणीस. वीस एकदाही आल्या नाहीत. हे ती स्वतःच सांगायची. वीसच्या वीस सापडल्या म्हणणाऱ्या बाईवर तिचा विश्वास नसे.

एका वर्षी मालकाच्या मनात आले, बायांना हुरूप द्यावा. जिच्या पाटीत सगळ्यात जास्त कचरा, तिला संक्रांतीला पातळ. आठ दिवसांत कचरा दुप्पट झाला. मालक खूश. महिन्याने सूतगिरणीतून बारा गठाणी परत आल्या. आत केस, पिसे, दोरे जसेच्या तसे. काय झाले होते, तर काही बाया घरून कोंबडीची पिसे आणि विंचरलेले केस पदरात बांधून आणत होत्या आणि आपल्याच ढिगातून काढून दाखवत होत्या. पाटी भरली की खरा कचरा पाहायची गरजच उरत नव्हती. त्या बारा गठाणी सगळ्यांनी फोडल्या आणि पुन्हा वेचल्या. पाच दिवस लागले. ज्यांनी पिसे आणली नव्हती त्यांचेही पाच दिवस गेले.

मंदाबाईच्या शेजारी बसणारी वच्छलाबाई त्या पिसे आणणाऱ्यांत होती.

"चार पिसं त होती व," वच्छलाबाई म्हणाली.

"पिसं तुह्यी, अन् पाठ माह्यी मोडली," मंदाबाई म्हणाली. त्यानंतर वर्षभर ती तिच्याशी बोलली नाही. अशी ही बाई.

तिचा नवरा खुशाल स्टेशनपलीकडच्या एकरभरात भाजी काढतो. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मुलगा एकच, आदेश. तो वर्ध्याला शिकला, मग पुण्याला गेला आणि तिथल्या एका संशोधन संस्थेत आकाशाच्या फोटोंवर काम करू लागला. काय काम करतो असे कुणी विचारले की खुशाल सांगे, "वरचं पाह्यते." मंदाबाई तेवढेही सांगत नसे. जे आपल्याला समजत नाही त्याबद्दल ती बोलत नसे.

मागच्या पावसाळ्यात आदेशला रक्ताचा कर्करोग निघाला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. उपचार सावंगीच्या दवाखान्यात सुरू झाले. दवाखान्यात आठ दिवस, घरी पंधरा दिवस, असे चालले. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरले. माणूस ओळखू येई, अक्षरे मोठी केली तर वाचता येत, पण बारीक काही दिसेना. आणि त्याचे काम बारीक पाहण्याचेच होते.

एका सकाळी त्याने आईला बोलावले. खाटेजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

"आई, तू कापूस वेचत होती तसं हे वेचून देतं का?"

मंदाबाईने हात पुसले आणि वाकून पाहिले. काळ्यावर पांढरट धूर. मधे दाट, कडेला विरळ.

"हे त रुई हाय," ती म्हणाली.

"रुई नाई. शेकडो दीर्घिका एका जागी जमल्या हायेत, त्यायचं हे गाव. त्यायच्या मधात तापलेला वायू भरला हाय. त्याच्यातून क्ष-किरण निघते, त्याचा हा उजेड. आपल्या डोळ्याले नाई दिसत. उपग्रहावर दुर्बीण हाय, तिले दिसते."

"अन् याच्यात कचरा कोणता?"

"मले कचराच पायजे." आदेश हसला. "या उजेडात कुठं कुठं बारीक ठिपका असते. एखाद्या दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असते. ते खाऊन राह्यलं असलं का तिथून किरण निघते. लय दुरून येते. सात-आठ किरण आले तरी ठिपका झाला."

"खाऊन राह्यलं म्हणजे?"

"जे जवळ येईन ते गिळते."

"मंग तुह्या बापासारखंच हाय ते."

बाहेर वांगी निवडत बसलेल्या खुशालने ऐकले. "आयकून राह्यलो बरं मी," तो ओरडला. त्या दिवशी तिघेही हसले.

आदेशने मग तिला सगळे समजावले. संगणक आधी तो मोठा उजेड पुसट करतो, मूळ फोटोतून वजा करतो, आणि जे उरते त्यात ठिपके शोधतो. कडेच्या विरळ भागात तो चुकत नाही. मधल्या दाट भागात फसतो. उजेडाचीच गुठळी ठिपका म्हणून सांगतो, किंवा खरा ठिपका सोडून देतो. म्हणून माणसाचा डोळा लागतो. साठ गावांचे फोटो होते. प्रत्येकाचे वेगवेगळ्या वेळी घेतलेले तीन. तिन्ही फोटोंत एकाच जागी ठिपका दिसला तरच तो धरायचा, असा त्याने नियम केला होता.

"अन् काही ठिपके मी मनानं पेरले हायेत," तो म्हणाला. "कोणते ते सांगणार नाई. त्याच्यावरून समजते का डोळ्यातून किती सुटून राह्यले."

"अरे बाप्पा! तू त डोमाजीच झाला."

खिडकीवर घोंगडे टांगले. फोटोवर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखलेली होती, उभी आणि आडवी ओळ आकड्यांची. ती घर सांगायची, तो मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचा. एक फोटो सरळ पाहायचा, मग फिरवून, मग उलटा करून. तीनदा पालटण्याचा नेम तिने इथेही सोडला नाही. एका फोटोला वीस मिनिटे. दिवसाला दहा-बारा फोटो. त्याहून जास्त ती करत नसे. थकलेल्या डोळ्याने केलेले काम दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते, हे तिला ठाऊक होते.

पहिल्या आठवड्यात त्याने पेरलेले ठिपके मोजले. चाळीसपैकी तेहतीस तिला सापडले होते.

"आमच्या संस्थेत सव्वीसच्या वर कोणाचेच जात नाई, आई."

"सात सुटले न," मंदाबाई म्हणाली.

आदेश खाटेवर तिच्या शेजारीच बसायचा. ही चूक होती. तेव्हा ती दोघांनाही कळली नाही. पाहणाऱ्याला काहीच कळता कामा नये, कुठे काय असण्याचा संभव आहे याचा वासही येता कामा नये, हे त्याला पक्के माहीत होते. तो तोंडाने कधी काही बोलला नाही. पण आई मुलाचा श्वास ओळखते, हे त्याच्या कुठल्या पुस्तकात नव्हते. संगणकाने दाखवलेली जागा आली की त्याचा श्वास अडायचा. तिने ते घर सांगितले की सुटायचा. पहिले तीन आठवडे तिने त्याकडे लक्ष दिले नाही. दिसले ते सांगितले, नाही दिसले ते नाही म्हटले.

कार्तिक संपत आला तेव्हा ताप उतरेना. आदेशने अन्न टाकले. भाकरी पुढे ठेवली की तो तोंड फिरवी. भात दिला तर चार शिते चघळी. दवाखान्यातली डॉक्टरबाई म्हणाली होती, काहीही करा पण पोटात घाला.

त्या आठवड्यात एका गावाचा फोटो आला. साऱ्या साठांत सगळ्यात दाट उजेड त्याचा. आदेशने पहिल्यांदाच विचारले, "आई, या मधल्या घरात काही हाय का? नीट पाह्य."

तिने पाहिले. सरळ पाहिले, फिरवून पाहिले, उलटे पाहिले. पिंजलेल्या रुईसारखा एकसारखा उजेड. टोचत काहीच नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिले. त्याचे बोट पडद्यावर त्या घराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापाशी टेकले होते. त्याचा श्वास अडला होता.

"हाय," मंदाबाई म्हणाली.

"कुठं?"

इथे तिला थांबता आले असते. चुकलं बाप्पा, म्हणता आले असते.

"उजव्या अंगाले. थोडंसं वर."

त्याने उरलेले दोन्ही फोटो लावले. दोन्ही वेळा ती तेच बोलली. आदेशने डोळे मिटले आणि भिंतीला डोके टेकवले. एवढ्या दाट उजेडाच्या मधोमध ठिपका कुणाला सापडला नव्हता, असे तो म्हणाला. त्याने पुण्याला नमिताला फोन लावला. नमिता त्याच्याच गटातली, त्याच्यापेक्षा दोन वर्षे पुढची. "सापडला," तो तिला म्हणाला, "माझ्या आईला दिसला." आणि फोन ठेवल्यावर त्याने अर्धी भाकरी खाल्ली, झुणक्याशी.

पुढच्या दहा दिवसांत तिने आणखी चार ठिपके असेच सांगितले.

पौषात आदेश गेला.

चैत्रात नमिता आली. ती वर्ध्याची, वडील शिक्षक. माहेरी आली होती तिथून सकाळच्या गाडीने सिंदीला उतरली. तिच्याकडे आदेशचा शोधनिबंध होता. उरलेले काम तिने पूर्ण केले होते, इंग्रजी नीट केले होते. पहिले नाव आदेशचे होते. खुशालने चष्मा लावून ते नाव बोटाखाली धरून वाचले आणि बराच वेळ बोट काढले नाही.

नमिताने मराठीत सांगितले. संगणक आणि माणूस दोघांनी मिळून किती ठिपके शोधले, ते. आणि शेवटचा, मुख्य भाग त्या मधल्या ठिपक्याचा. निबंधाचे नावही त्यावरूनच दिलेले.

"आणि काकू, अजून एक. या ठिपक्याकडे नीट पाहायला आम्ही दुर्बिणीचे सोळा तास मागितलेत. मिळतील असं वाटतंय."

"सोळा घंटे? दुसरं कोणी रांगेत नसन का?"

"पाचपट लोक रांगेत असतात. आपल्याला मिळाले की कुणाचे तरी जातात."

"अन् तिथं काही नसन त?"

"तर सोळा तास वाया. पण आहे ना. तुम्हीच तर पाहिला."

मंदाबाई चहा ठेवायला आत गेली. गॅस पेटवला, पाणी ठेवले. बारा गठाणी फोडून ठेवलेले जिनिंगचे ते अंगण तिला दिसत होते, आणि वच्छलाबाईचे तोंड. तेव्हा किती ऐटीत बोललो आपण. पाणी उकळून अर्धे झाले तेव्हा तिने गॅस बंद केला आणि रिकाम्या हाताने बाहेर आली.

"मले तो दिसला नवता," ती म्हणाली.

नमिताला आधी कळलेच नाही. "कोणता?"

"मधातला. अन् आणखी चार." तिने घरे सांगितली. उभी ओळ, आडवी ओळ, कोणते गाव. एकही चुकली नाही. तिला ती पाठ असण्याचे कारण होते. एका ठिपक्याला त्याने अर्धी भाकरी खाल्ली होती, एकाला दोन चमचे शिरा, एकाला वाटीभर वरणाचे पाणी. चौथ्याला अर्धे केळे. पाचव्याला त्याने काहीच खाल्ले नव्हते, नुसता तिचा हात धरला होता.

नमिताने लॅपटॉप मिटला. त्यावर हात ठेवून ती बसली.

खुशाल मात्र उठला. "काऊन बोलून राह्यली तू हे? कोणी विचारलं तुले?"

"सोळा घंटे दुसऱ्याचे जाईन."

"जाऊ दे न! पोट्टं गेलं आपलं. त्याच्या नावावर एक ठिपका हाय. तो बी खोडतं तू?"

"तो त्याचा नाई. माह्या हाय. मी टाकला."

"कोणाले समजते?"

"त्या दुर्बिणीले समजन. मंग म्हणतीन, भोयरच्या पोरानं लबाडी केली. तो सांगाले येईन का, का मी नाई, माह्या मायनं केली म्हणून?"

खुशालने टोपी उचलली. तो वावरात निघून गेला. त्या दिवसापासून तो बायकोशी बोलेना.

नमिताने विचारले, "तेव्हा तुम्ही नीट पाहिलं होतं, की त्याच्याकडेच लक्ष होतं?"

"तीनदा पालटून पाह्यलं होतं."

"तरी पुन्हा पाहू. संगणकाला तिथं काहीतरी दिसलंय, कमकुवत का होईना. तुम्हाला दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं. कदाचित असेलही, काकू."

हे शेवटचे वाक्य नमिताने दयेने म्हटले. पण ते मंदाबाईच्या आत जाऊन बसले. कदाचित असेलही. मग आपण बोललो ते खोटे, आणि ठिपका मात्र खरा. असे झाले तर किती बरे.

नमिताने दोन दिवस बसून त्या पाच गावांचे आणि आणखी थोडे फोटो नव्याने लावले. सगळे मिसळले. काही आडवे, काही उलटे, काही आरशातल्यासारखे फिरवले. काहींत खोटे ठिपके पेरले. आणि वीस फोटो तिने कोरे घातले, ज्यांत नुसता बनवलेला उजेड होता, ठिपका एकही नाही. नसलेले दिसते का हे तपासायला असे कोरे फोटो आदेशलाही घालायचे होते. त्याला वेळ मिळाला नाही.

चार दिवस काम चालले. नमिता सकाळच्या गाडीने यायची, लॅपटॉप लावून द्यायची आणि पडवीत जाऊन पाठ करून बसायची. बोलायचे नाही, विचारायचे नाही. मंदाबाई वहीत स्वतःच घरांचे आकडे लिहायची. काही नसेल तर 'कोरा' लिहायची. खिडकीवर पुन्हा तेच घोंगडे. आत उकाडा असा की पदर भिजवून मानेवर ठेवावा लागे. आदेशची खाट तिने बाहेर काढली होती. शेजारी कुणी नव्हते. एवढ्या शांततेत तिने हे फोटो आधी कधी पाहिले नव्हते. त्याच्या श्वासाशिवाय ते काम तिला अवघड गेले, पण डोळा आपले काम करत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक दाट उजेडाचा फोटो आला. कोणता ते कळायला मार्ग नव्हता. मधल्या घरात, डाव्या अंगाला, काहीतरी लुकलुकल्यासारखे झाले.  हाच असेल, तिला वाटले, फिरवून लावला असेल. पेन्सिल वहीवर टेकली होती. आकडा लिहायला एक क्षण पुरे होता.

ती उठली. मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारले. पाच मिनिटे भिंतीकडे पाहत उभी राहिली. मग परत येऊन नजर सैल सोडून पाहिले. फिरवले, पाहिले. उलटे केले, पाहिले. टोचत नव्हते. पाहावेसे वाटत होते म्हणून दिसत होते. दोन्हीतला फरक तिला एकतीस वर्षांपासून माहीत होता. तिने 'कोरा' लिहिले. पेन्सिलचे टोक मोडले इतके दाबून लिहिले.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा फोटो झाला. नमिता वही घेऊन बसली आणि एकेक आकडा संगणकात भरत गेली. खुशाल वावरातून आला होता. बोलत नव्हता, पण गेलाही नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"पेरलेले चाळीस," नमिता म्हणाली. "बत्तीस सापडले."

"अन् कोऱ्यात?"

"वीसपैकी एकात तुम्ही ठिपका धरलात."

"धरला?" मंदाबाईने वही ओढून ते पान पाहिले. "मंग एक खोटा. लिहून घ्या."

"घेतलंय. हे खूप चांगलं आहे, काकू."

"ते पाच?"

 नमिताने पडद्यावर दोनदा पाहिले.

"एक खरा आहे. कडेचा. तिन्ही फोटोंत धरलात तुम्ही. एक फक्त दोन फोटोंत, तो नियमात बसत नाही. बाकी दोन नाहीत."

"मधातला?"

"एकातही नाही."

मंदाबाईने मान हलवली. कडेचा म्हणजे दोन चमचे शिऱ्याचा. तो तिला तेव्हाही दिसायला हवा होता. त्या दिवशी तिने नीट पाहिलेच नव्हते. खोटे बोलायचे ठरल्यावर पाहायचे कशाला. म्हणजे कामचुकारपणाही झाला होता.

नमिताने तिथेच बसून निबंध बदलायला घेतला. तिला तास लागला. मुख्य भाग काढला. नाव बदलले. सोळा तासांची मागणी मागे घेतल्याचे पत्र लिहिले. आता तो निबंध एवढेच सांगत होता की दाट उजेडात संगणकाला किती दिसते आणि माणसाला किती, आणि दोघांनाही किती दिसत नाही. आता तो लहान ठिकाणी छापून येईल, ती म्हणाली. थोडे लोक वाचतील.

"त्याचं नाव?"

"पहिलंच राहील. काम त्याचंच आहे."

"अन् हे काऊन बदललं, ते काय लिहिलं?"

नमिता अडखळली. "पहिल्या पाहणीत निरीक्षकाला उत्तराचा अंदाज येत होता, म्हणून ती पाहणी वगळली."

"निरीक्षक कोण?"

"तुम्ही."

"मंग सरळ लिहा न, का त्याच्या मायनं खोटं सांगितलं."

"असं लिहीत नाहीत, काकू."

"काऊन? त्यायले माय नसते का?"

नमिताला हसू आले आणि लगेच रडू आले. ओढणीने तोंड पुसून ती पिशवी भरू लागली. मंदाबाईने तिला मेथीच्या दोन जुड्या बांधून दिल्या. खुशाल पुढे झाला, पिशवी उचलली आणि तिला सायकलीने स्टेशनवर सोडायला निघाला. ती नको म्हणत होती. तो पिशवी हँडलला अडकवून चालू लागला.

तो परत आला तेव्हा ऊन उतरत होते. मंदाबाई पडवीत बसली होती. तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. पायातली चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली. सहा दिवसांनी पहिल्यांदा बोलला.

"गेले का चारी?"

"गेले."

"त्याले कोण सांगन आता?"



"मले सांगाचं होतं," ती म्हणाली. "रोज सकाळी ठरवो, का आज सांगतो. मंग तो दोन घास खाये, अन् मी म्हणो, राहू दे, उद्या."

खुशालने चप्पल पुन्हा काढली.

"शेवटच्या दोन दिवसांत त्यानं काहीच खाल्लं नाई. तवा सांगता आलं असतं." तिने पदराने तोंड पुसले. "पण तवा मी कोण ते बी त्याले समजत नवतं."